न पडलेलं स्वप्न

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि स्वतःच्या मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या गावात माझ्याबद्दल लोक जे बोलतात, ते तुमच्या कानावर गेलेलं नाही.

काय बोलतात? — की सून असावी तर वंदनासारखी. नवरा गेला, तरुण होती, माहेरी निघून गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं, पण सासूला सोडलं नाही. शेवटपर्यंत केलं. सासूसुद्धा तिच्या संगतीनं देवमाणूस झाली, मासे मारणं सोडलं, गळ्यात माळ घातली. एकदा ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात मला शाल दिली. मी ती घेतली. घेताना खाली बघत होते, तर लोकांना वाटलं, किती साधी आहे.

तुम्हाला माझी सासू आधी माहीत व्हायला हवी, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

तिचं नाव सोनाबाई. आमचं गाव मोहाडी तालुक्यात, तलावाच्या काठाला. आम्ही ढिवर, मासे धरणारे. गावातल्या पुरुषांची मच्छीमार संस्था, ती तलाव ठेक्यानं घ्यायची, मोठी जाळी पुरुषांची. बाया कडेकडेनं हातजाळ्यानं झिंगे आणि बारीक मासोळी धरायच्या. माझी सासू त्यांच्यात सगळ्यांच्या पुढं. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली की तिचं वय कळायचं नाही. पाण्यात असताना ती बोलायचीही जास्त, हसायचीही जास्त. रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत धान लावायला जायची तेव्हा ती थकून यायची. तलावावरून येताना मी तिला थकलेली पाहिल्याचं मला आठवत नाही.

आणि मरणाबद्दल ती अगदी सहज बोलायची. बाजारच्या गावाबद्दल बोलावं तसं. तिच्या हिशेबानं मेल्यावर माणूस एका रस्त्यानं चालत जातो. म्हातारा होऊन गेला तर भरभर जातो, अवेळी गेला तर मध्येच कुठंतरी रेंगाळतो, पण जातो. आणि पोचतो तिथं काय आहे? एक तलाव. एवढा मोठा की पार दिसत नाही. तिथं संस्था नाही, ठेका नाही, कुणी कुणाला हटकत नाही. मी एकदा लग्नानंतर नवी नवी असताना तिला विचारलं होतं, जीव मारल्याचं पाप नाही का लागत? ती माझ्याकडं बघतच राहिली.

"देवानंच आमच्या हाती जाळं देल्लं," ती म्हणाली. "मंग तो कायले रागवन?"

तिच्या बोलण्यात शंका नव्हती. मी देवळात तासभर बसले तरी माझ्या मनात तशी स्वस्थता कधी आली नाही. ती स्वस्थता मी मोडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला गोलगोल बोलायला नको.

माझा नवरा रमेश गवंडीकामाला जायचा. भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन थोडीच वर्षं झाली होती, शहापूरकडं हायवेच्या बाजूनं बांधकामं निघत होती. मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून जायचा. एका सकाळी ट्रकनं मागून धडक दिली. मित्र वाचला. रमेश जागेवरच गेला. आमची पल्लवी तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

दहाव्याला वैनगंगेवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे झाडावर बसलेले, खाली कुणी उतरेना. लोकांनी काय काय कबूल केलं — पोरीला शिकवू, घर पुरं बांधू. शेवटी सासू पुढं झाली, हात जोडले आणि म्हणाली की वंदाले मी एकटी सोडनार नाही. थोड्या वेळानं कावळा उतरला. तिच्या शब्दामुळं उतरला की भुकेमुळं, मला काय माहीत? पण तिनं शब्द पाळला. ती पहाटे पाण्यात उतरायची, मासोळी विकायची, आणि त्यावर मी राहिलेली बारावी दिली. त्यावर पल्लवी शाळेत गेली. माझ्या अंगावर पहिलं चांगलं लुगडं तिच्या झिंग्यांवर आलं. मग मला अंगणवाडीत काम मिळालं, आधी मदतनीस म्हणून, पुढं सेविका म्हणून.

आणि मला तिची लाज वाटायला लागली.

हे सांगायला इतका वेळ लागला, बघा. लाज — दुसरा कुठलाही शब्द मी शोधला असता तर तो खोटा झाला असता. तिच्या हाताला वास यायचा. बोटांच्या पेरांत खवले अडकलेले असायचे. पल्लवीला शाळेत कुणीतरी मासोळीवाली म्हटलं, ती रडत आली, आणि मला राग त्या पोरांचा आला नाही. सासूचा आला.

एकदा मोहाडीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी आमच्या पर्यवेक्षिका मॅडमसोबत रस्त्यानं चालले होते. मिटिंग आटपून येत होतो. सासू टोपली घेऊन बसली होती. मी दुसरीकडं बघत होते, पण तिनं मला पाहिलं आणि उठून आलीच. हातात पळसाच्या पानात बांधलेले झिंगे. तुह्या मॅडमले दे म्हणाली, ताजे आहेत. मॅडमनी पदर नाकाशी नेला, तसा वाईट हेतू नसेल त्यांचा, आणि मला हळूच विचारलं, कोण या?

मी म्हणाले, आमच्या गावातल्या बाई आहेत.

तिनं ऐकलं का? ती हातभर अंतरावर होती. ऐकलं असेल तर तिनं दाखवलं नाही. झिंगे माझ्या पिशवीत ठेवले आणि परत जाऊन बसली. संध्याकाळी घरी आल्यावर नेहमीसारखं बोलली. ती एक शब्द रागावून बोलली असती तर — पण नाही, हे तिच्यावर टाकायचं नाही. ती रागावली असती तरी मी तेच केलं असतं.

त्याच सुमारास गावात सप्ताह झाला होता. बाहेरून आलेल्या महाराजांनी प्रवचनात नरकाचं वर्णन केलं. तेलाच्या कढया, साप, जीव मारणाऱ्यांना त्याच जिवांकडून टोचून घ्यावं लागतं. शिवाय ते म्हणाले की जिवंत माणसाच्या पापाचा भार त्याच्या मेलेल्यांवर पडतो, त्यांना पुढची वाट मिळत नाही. सासू प्रवचनात झोपली होती. मी जागी होते.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात बसून हातजाळ्याची तुटलेली गाठ बांधत होती. मी चहा घेऊन गेले. मी चहा खाली ठेवला आणि म्हटलं, "आत्याबाई, पल्लवीचे बाबा आले होते सपनात."

तिचं बोट गाठीत तसंच राहिलं. रमेश तिच्या स्वप्नात कधी येत नव्हता. या गोष्टीचं तिला दुःख होतं, ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर मी ते निवडलं.

"का म्हणे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. की ते म्हणाले, मी अजून वाटेतच आहे, माय जीव मारते तोवर मले समोर जाता येत नाही.

असं कुठलंही स्वप्न मला पडलं नव्हतं. त्या रात्री नाही, आधी नाही, नंतर नाही. मी ते चहा उकळताना बनवलं. कसं बोलायचं, कुठं थांबायचं, सगळं ठरवलं होतं. एकच गोष्ट ठरवली नव्हती. तिनं विचारलं, "रडत होता का व?"

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तरी माझं काम झालंच असतं. ती तरीही थांबलीच असती. मी हो का म्हटलं? — मी हो म्हटलं.

ती त्या दिवशी तलावावर गेली नाही. हातजाळं पुतण्याला देऊन टाकलं. टोपली घासून वाळवली आणि त्यात गोवऱ्या ठेवल्या. मासोळी खाणंही सोडलं, आणि ढिवराच्या घरात मासोळी न खाणं म्हणजे काय ते तुम्हाला आमच्याकडं राहिल्याशिवाय कळणार नाही. गळ्यात माळ आली. लोक पाया पडायला लागले. ती मजुरीला जायची, घरी यायची, ओसरीवर बसायची — तलावाकडं पाठ करून.

आणि रोज सकाळी, मी उठले की विचारायची. आला होता का?

मला सुरुवातीला वाटलं होतं, महिना दोन महिन्यांनी सांगेन की आले होते, हसत होते, समोर गेले. तेवढ्यानं ती सुटली असती. पण मग मनात यायचं, समोर गेला असं कळलं तर ही पुन्हा पाण्यात उतरेल. पुन्हा बाजारात बसेल. पल्लवी आता वरच्या वर्गात गेली, आता मॅडम घरी येतात, आता नको. म्हणून मी म्हणायचे, नाही आले. कधी तिचा चेहरा बघवायचा नाही, तेव्हा म्हणायचे, आले होते पण काही बोलले नाहीत. ते तर आणखी वाईट. मग ती दिवसभर विचार करत बसायची की तो बोलला का नाही, आता आपण काय चुकलो. दिवसातून एकदाच जेवणं तिनं असंच सुरू केलं. मी सांगितलं नव्हतं. पण तिला स्वतःची चूक शोधायला कुणी लावलं होतं?

मेलेल्या माणसाला मी वाटेत धरून ठेवलं होतं. माझ्याच नवऱ्याला. आणि त्याच्या आईला रोज सकाळी त्याचं रडणं ऐकायला लावत होते.

एकदा हे सगळं संपलं असतं. आमच्या शेजारी निर्मलाबाई राहायच्या, गावात आरोग्य खात्याच्या आशा सेविका म्हणून काम करायच्या. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. त्यांच्या घरी पिंड नाही, कावळा नाही, आत्मा नाही. सासूचा त्यांच्यावर फार जीव. एका दुपारी तिनं त्यांना सगळं सांगितलं. मी आतून ऐकत होते. निर्मलाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माय, मेलेला मानूस कुठं अडकत नाही. त्याचं दुःख त्याच्यासंग सरलं. त्यानं चांगलं केलं तेवढं आपल्यापाशी राह्यते. तुमी आपलं काम करा, तलावावर जा."

त्या संध्याकाळी सासू घरी आली तर लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. मासोळी धरली नव्हती, नुसती पाण्यात उभी राहून आली होती. पण तिचा चेहरा — मला तो चेहरा ओळखीचा होता, फक्त बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. निर्मला असं म्हणते, ती मला सांगायला लागली, आणि सांगता सांगता हसली.

मी म्हटलं, त्यांचं वेगळं, आपलं वेगळं. त्यांच्यात मानतच नाहीत, तर त्या म्हणतीलच. त्यांच्या घरचं थोडंच कुणी अडकलं आहे?

ती लुगडं बदलायला आत गेली.

पुढं दोन दिवसांनी निर्मलाबाईंनी मला अंगणवाडीत गाठलं. पोरं जेवून गेली होती, मी भांडी आवरत होते. त्यांनी सरळ विचारलं, खरंच सपन पडलं होतं का, वंदना? मी पल्लवीची शपथ घेतली. त्यांनी मागितली नव्हती, मी आपणहून घेतली. त्या थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या, मग ठीक आहे म्हणाल्या आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यांना कळलं असावं का? मला वाटतं, कळलं असावं. पण शपथेच्या पुढं त्या तरी काय बोलणार?

त्या पावसाळ्यात पल्लवीला ताप आला आणि मी घाबरून गेले. आता त्या शपथेचं भोगावं लागणार असं वाटलं. खरं बोलायचं म्हणून मी सासूजवळ जाऊन बसलेसुद्धा. ती पल्लवीच्या कपाळावर पट्टी ठेवत होती. ताप संध्याकाळी उतरला. आणि मी उठून स्वयंपाकाला लागले.

तुम्ही विचाराल, की तू स्वतः काय मानतेस? स्वर्ग आहे, नरक आहे? मी फार विचार केला आहे यावर, दुसऱ्या कशावरही केला नसेल इतका. निर्मलाबाई म्हणतात तसं काही नसावं, असं मला पुष्कळदा वाटतं. मग लक्षात येतं, तसं वाटणं माझ्या सोयीचं आहे. नरक असावा असं वाटतं तेव्हाही खात्री नसते, कारण नरकात जाऊन फेडता येईल ही सुद्धा एक सोयच आहे. मला एवढं एकच पक्कं माहीत आहे की सासूला मी येण्याआधी नरक ठाऊक नव्हता. तिच्याकडं फक्त तो तलाव होता.

ती गेली ती पुष्कळ वर्षांनी, एका हिवाळ्यात. बरेच दिवस अंथरुणाला होती. मी तिचं सगळं केलं, न्हाऊ घातलं, भरवलं, पाठ फुटू नये म्हणून कुशीवर वळवलं. लोकांनी ते पाहिलं, आणि ते खरंच होतं. त्या दुपारी बपेऱ्याहून माझी नणंद आली होती. निर्मलाबाई होत्या, शेजारच्या दोघी बाया होत्या. पल्लवी पायाशी बसली होती. सासूनं डोळे उघडले, माझा हात शोधला.

"वंदा," ती म्हणाली, "आता तरी गेला असन का समोर?"

इतक्या वर्षांनी मी ठरवलं की आता द्यावं. देऊन टाकावं. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "हो आत्याबाई. समोर गेले ते. मले दिसले."

मला वाटलं, तिचा चेहरा सैल होईल. तिचे डोळे मोठे झाले. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी तिच्या हातातलं काही ओढून घेतलं.

"मंग मले तिथं कोन भेटन?"

नणंद रडायला लागली. सासू छताकडं बघत होती, शब्द तुटत होते, पण मला सगळे कळले.

"मले वाटे थांबला असन. मी येतवरी थांबला असन." आणि मग — "पाह्य, किती पापी मी. लेकरू तिथं रडून राह्यलं, अन् मले वाटे का त्यानं थांबावं."

इतकी वर्षं ती ते मनात घेऊन बसली होती. रोज सकाळी विचारत होती, आला का, गेला का — आणि नाही म्हटलं की तिला आतून कुठंतरी बरंही वाटत होतं, आणि बरं वाटल्याचं पाप ती वेगळं मोजत होती. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तिला मुलाच्या अडकण्याची भीती घातली होती एवढंच मला वाटत होतं. मी तिला तिच्या स्वतःच्या मायेचीच भीती घातली होती.

एक वाक्य पुरलं असतं. सपन पडलंच नव्हतं, आत्याबाई. तिला ऐकू येत होतं, समजत होतं. निर्मलाबाई माझ्याकडं बघत होत्या. त्या डोळ्यांत राग नव्हता, त्या वाट बघत होत्या असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. नणंद होती, पल्लवी होती, बाया होत्या. मी सगळ्यांकडं एकदा बघितलं.

सासूनं हात जोडायचा प्रयत्न केला. एक हात उचलेना, तर मी तो उचलून दुसऱ्याजवळ नेला. "माफ कर बापू," ती म्हणाली. त्याला म्हणाली. ज्याचं तिनं काहीच वाईट केलं नव्हतं, त्याची तिनं माफी मागितली, आणि मी तिचे दोन्ही हात एकत्र धरून बसले होते.

मग मी चमच्यानं तिच्या तोंडात पाणी घातलं. एक घोट गेला, दुसरा कडेनं ओघळला. बाया म्हणाल्या, किती करते सून. मी पदरानं तिची हनुवटी पुसली, आणि बोलले नाही.